वेंडेलच्या मोटरसायकलीतले उंदीर

वेंडेल शेडमध्ये पडला तेव्हा त्याच्या डाव्या मुठीत तारेचा काथ्या होता. मोटरसायकलचा एक सायलेन्सर बुजवून झाला होता, दुसरा राहिला होता. त्याच्या बायकोने, आर्लिसने, दारातूनच त्याला दोन शब्द सुनावले, कारण चाळीस वर्षांत तो शेडमधून जेवायला एकदाही वेळेवर आला नव्हता. मग तिला त्याचा एका बाजूला ओघळलेला ओठ दिसला, आणि तिसरा शब्द तिच्या तोंडातून फुटेना.

ऑक्टोबर संपत आला होता. अमेरिकेत उत्तर मिनेसोटात तेव्हापासून एप्रिलपर्यंत दुचाकी रस्त्यावर काढायचं नाव कुणी घेत नाही. ती शेडमध्ये झोपवायची आणि उंदरांपासून राखायची. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना उंदराला सीटच्या स्पंजसारखी गादी दुसरी कुठे मिळणार? वेंडेलचं सगळं शिस्तीत असे. टाकी काठोकाठ भरायची, बॅटरी काढून तळघरात न्यायची, सायलेन्सरमध्ये काथ्या कोंबायचा, सीटखाली पेपरमिंटच्या तेलाचे बोळे ठेवायचे, चारी कोपऱ्यांत पीनट बटर लावलेले सापळे मांडायचे आणि वरून जुनं पांघरूण घालायचं.

"मला कधी असं पांघरूण घातलं नाहीस," आर्लिस दरवर्षी म्हणायची.

"तुझ्या वाटेला उंदीर जात नाहीत," तो म्हणायचा. "त्यांनाही जिवाची भीती असते."

पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून त्याला साठ मैलांवरच्या उपचार केंद्रात हलवलं. शेडमधलं त्याचं उरलेलं काम आर्लिसने एकटीने पुरं केलं. आर्लिस मंगळवारी आणि शनिवारी बर्फातून गाडी चालवत जायची आणि त्याच्यासमोर बसून एकटीच बडबडायची. तिसऱ्या आठवड्यात त्याने तोंड उघडलं. बराच वेळ जबड्याशी झटापट केली, आणि त्या झटापटीतून एक शब्द बाहेर पडला.

"उंदीर?"

त्याचे व्यायाम घेणारी ब्रिन नावाची मुलगी टाळ्या पिटायला लागली. आर्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडाचा पट्टा थांबेल तर ती आर्लिस कसली!

"वा रे वा! चाळीस वर्षं तुझी उष्टी काढली, आणि पहिला शब्द काय, तर उंदीर! नाहीत हो, एकही नाही. तुझ्या त्या भवानीला मी माझ्यापेक्षा सुखात ठेवलंय."

तो अर्ध्या तोंडाने हसला. तेव्हापासून हे ठरूनच गेलं. ती आली की तो विचारणार "उंदीर?", ती त्याची आणि गाडीची मिळून खरडपट्टी काढणार, आणि मग तो उजवा हात ब्रिनपुढे करणार. ब्रिन त्या हातात रबरी चेंडू द्यायची. जानेवारीत त्याची दोन बोटं चेंडूभोवती वळायला लागली. ब्रिनने आर्लिसला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "मार्चच्या अखेरीला आमची बैठक असते. हात-पाय असे सुधारत राहिले तर ते घरी येतील. अडले, तर त्यांना कायमचं शुश्रूषागृहात ठेवावं लागेल." त्या शुश्रूषागृहात आर्लिसची आई वारली होती. तिथून कोण परत येतं हे तिला सांगायची गरज नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती पाखरांसाठी दाणे काढायला शेडमध्ये गेली. तिकडे प्रत्येक अंगणात पाखरांच्या दाण्यांचा डबा टांगलेला असतो, आणि थंडीत तो रिकामा ठेवणं म्हणजे दारी आलेल्याला उपाशी परत पाठवणं. सूर्यफुलाच्या बियांचं चाळीस पौंडांचं पोतं वेंडेल दरसाल तळघरात नेऊन झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ओतायचा. यंदा एकोणसत्तर वर्षांच्या आर्लिसला ते जिन्यावरून उतरवणं झेपणारं नव्हतं. शेजारच्या लाइलने ते दुकानातून आणलं तेव्हा ती म्हणाली होती, "राहू दे इथेच, शेडमध्ये." इथेच म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या चाकाला टेकून. रोज ती वरून एक मग भरून घ्यायची. त्या दिवशी तिने पोतं पुढे ओढलं, तर बुडातून बियांची धार लागली.

तिने पांघरूण उचललं. सीट एका बाजूने पोखरली होती. आत स्पंज, चिंध्या आणि वेंडेलच्याच जुन्या हातमोज्याची लोकर घालून घरटं केलेलं होतं. हँडलखालच्या वायरी तांब्यापर्यंत सोललेल्या होत्या. लाइलला बोलावून तिने एअर फिल्टरचा डबा उघडायला लावला. तो सूर्यफुलाच्या बियांनी गच्च भरला होता. इतक्या नीट की कुणी बेगमी करून ठेवली आहे असं वाटावं. कोपऱ्यातले सापळे मात्र कोरे करकरीत! शेजारी पंगत बसलेली असताना सापळ्यातल्या त्या चिमूटभर पीनट बटरकडे कोण ढुंकून बघणार? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या तिने स्वतः दिल्या होत्या, वर रोज मग भरून घेताना "बघ, किती छान राखलीये" असं मनात म्हणत होती.

"त्याला सांगू नकोस," लाइल टोपी काढून म्हणाला. "आजारी माणूस आहे. जरा गोडीत घे." संध्याकाळी लाइलच्या बायकोने ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं गरम कॅसरोल पाठवलं. तिकडे कुणावर काही ओढवलं की त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कॅसरोल आणतात, हवेच्या गप्पा मारतात आणि पाठीवर हात फिरवून जातात.

शनिवारी वेंडेलने विचारलं, "उंदीर?"

"नाहीत, राजा," आर्लिस म्हणाली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला. "सगळं छान आहे. तू काही काळजी करू नकोस हं."

वेंडेल तिच्याकडे बघत राहिला. मंगळवारी ती त्याच्या आवडीच्या ओटच्या कुकीज घेऊन गेली, उशी सारखी केली, तीनदा "राजा" म्हणाली. त्याने काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. चेंडू पांघरुणावर पडून होता. तिने तो त्याच्या हातात ठेवला, तर हाताने तो घसरू दिला. ती अधिक गोड बोलायला लागली. तो अधिक भिंतीकडे बघायला लागला.

मार्चच्या मध्यावर ब्रिनने तिला दारातच गाठलं. "काकू, दोन आठवडे झाले, ते हात पुढेच करत नाहीत. घरी काही झालंय का?"

"काही नाही गं. सगळं बरं आहे."

"मग बैठकीत मला जे दिसतं तेच लिहावं लागेल."

आर्लिस खोलीत जाऊन त्याच्यासमोर बसली आणि पदरी होतं नव्हतं ते सगळं गोड तिने गोळा केलं. "आज ऊन किती छान पडलंय, नाही का रे? बर्फ वितळायला लागलंय."

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या वेंडेलने मान वळवली. जबड्याशी त्याची झटापट सुरू झाली.

"विकली," तो म्हणाला.

"काय विकली?"

त्याने डाव्या हाताचं बोट तिच्यावर रोखलं आणि मग मूठ वळवून ॲक्सिलरेटर पिळल्यासारखी फिरवली. "विकली." त्याचा डोळा भरून आला होता.

आर्लिसला आधी उमगलंच नाही, आणि उमगलं तेव्हा तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. असं गोड बोलायचं ते मयताच्या घरी. तिने स्वतः किती विधवांच्या दारी अस्सं हसून कॅसरोल पोचवलं होतं. तीन आठवडे ती जिवंत नवऱ्याशी तसं बोलत होती, आणि त्याने त्यावरून ताडलं होतं की आता आपण घरी येत नाही हे हिने धरलंय, म्हणून गाडीही काढून टाकली.

"विकली? अरे, कोण घेणार तुझं ते धूड?" तिचा आवाज चढला तो चढलाच. "उंदरांनी खाल्लीये ती! सीट खाल्ली, वायरी खाल्ल्या, एअर फिल्टरमध्ये सबंध वर्षाचं धान्य भरून ठेवलंय! तुझ्या हातमोज्यावर पिल्लं घातलीयेत त्यांनी! ऐकलंस? मी खोटं बोलले."

वेंडेलने श्वास रोखला. "धान्य?"

"सूर्यफुलाचं. पाखरांचं."

"कुठे?"

"शेडमध्ये, आणखी कुठे! तिच्या चाकाला टेकवून ठेवलं होतं पोतं. मी. मीच ठेवलं. जिना उतरवेना मला, आणि तू इथे लोळत पडलास."

त्याचा चेहरा लाल झाला. डावा हात ताटाच्या फळीवर आदळला, पाण्याचा पेला उडाला. "गाढव," तो म्हणाला, आणि मग जबडा आवळून एकेक शब्द ओढून काढल्यासारखा, "गाढव... बाई... शेडमध्ये... कुणी... ठेवतं?"

ओळीने पाच शब्द. आर्लिस रडत होती आणि हसतही होती. पेल्याचा आवाज ऐकून ब्रिन धावत आली आणि दारातच थबकली.

"मी गाढव, कबूल," आर्लिस नाक पुसत म्हणाली. "पण आता नीट ऐक. मला ते घरटं काढता येत नाही आणि लाइलला मी हात लावू देणार नाही. उंदीर तिथेच राहणार. मी त्यांना रोज मगभर दाणे घालणार. सीट संपली की चाक खातील. तू येईपर्यंत मी त्यांच्या शेपटीलासुद्धा धक्का लावणार नाही."

वेंडेलच्या तोंडून नुसताच एक चिडलेला हुंकार निघाला. त्याने डाव्या हाताने आपल्या खुर्चीचा दांडा पकडला आणि उठायला जोर केला. उठणं जमलं नाही. ब्रिन पुढे आली, तशी आर्लिसने तिला मनगट धरून मागे ओढलं. त्याने पुन्हा जोर केला, आणि या खेपेला त्याचा उजवा हातही खुर्चीच्या दुसऱ्या दांड्यावर सरकत गेला आणि बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटली.