सहा घरांची टॉफीची कढई

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी कढई आहे. माझं बूड जाड आहे, काठ बाहेर वळलेला आहे आणि दोन बाजूंना दोन भक्कम कान आहेत. डिसेंबर लागला की मला एका जागी बसवत नाही. कुणी लोण्याचा कागद उलगडला, कुणी चुलीत कोळसा सारला, की वाटतं, आलं बोलावणं. ही चुळबुळ मला उगाच लागलेली नाही. माझं तरुणपण सहा घरांत फिरण्यात गेलं.

बाजाराच्या गावी एका तांबटाने मला घडवलं. त्याच्या हातोडीचे ठोके अजून माझ्या अंगावर आहेत. बोट फिरवलंत तर लागतील. एका शनिवारी डोंगरावरच्या वस्तीतून दोन बायका आल्या आणि मला घेऊन गेल्या. त्या वस्तीवर पाटीच्या दगडाची खाण होती. खाणीखाली कामगारांच्या सहा घरांची एक ओळ होती, भिंतीला भिंत लागलेली. एकेकट्या घराला माझ्यासारखी जड कढई झेपली नसती, म्हणून सहाही घरांनी मिळून मला आणलं. पातळ भांड्यात टॉफी करायला गेलं की साखर बुडाला लागते आणि नाताळ कडू होतो.

नाताळ आठ-दहा दिवसांवर आला की माझी फेरी सुरू व्हायची. आज या घरी, उद्या त्या घरी. तांबडी साखर, लोणी, काकवी आणि चमचाभर व्हिनेगर. पाक फुगून काठाशी यायचा, मग जड होऊन खाली बसायचा. त्यातला थेंब गार पाण्यात टाकायचा. मऊ पडला तर कच्चा. टच्‌कन मोडला तर झाला. मग लोणी फासलेल्या गुळगुळीत दगडावर तो ओतायचा आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून, लोण्याच्या हातांनी, ओढायला लागायचं. ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. काळपट दोर हळूहळू सोन्यासारखा उजळायचा. दोराचे तुकडे करणाऱ्या कात्रीची पोरं वाट बघत बसायची आणि मी रिकामी होऊन चटके देत पडून राहायची. तेवढ्यात पुढच्या घरचं माणूस दारात हजर! "निवली का हो कढई?"

ओळीत पाकाची जाणकार म्हणजे लाउरी. ती विधवा होती. तिला इद्वल नावाचा एकच मुलगा. तिला थेंब टाकून बघावं लागत नसे. नुसत्या वासावरून ती सांगायची. तिच्या शेजारच्या घरात अनेस नावाची नवी सून राहायला आली. अनेसचा नवरा ग्विलिम खाणीत दगड फोडायचा. अनेस पाकाला घाबरायची आणि मला वेळेआधीच उतरवायची.

"पोरी, टॉफी केलीस की सूप?" लाउरी विचारायची.

"जळेल ना, मावशी!"

"जळू दे की एकदा. जळल्याशिवाय हाताला अक्कल येत नाही."

मग दोघी हसायच्या. ते दिवस चांगले होते, पण ते किती चांगले आहेत हे मला तेव्हा कळलं नाही.

एका वर्षी मालकाने खाणीचे दरवाजे बंद केले. कामगारांना आपली संघटना हवी होती, मालकाला ती नको होती. हा झगडा पहिल्या हिवाळ्यात मिटला नाही आणि दुसऱ्यातही मिटला नाही. इद्वल कोळसा खणायला दूर दक्षिणेला गेला. साखर दिसेनाशी झाली. माझी फेरी चालूच राहिली, पण आता माझ्यात सलगमचं पाणचट सूप शिजायचं, नाहीतर जवाची पेज. कुणी कुरकुर केली नाही. सगळ्यांची पेज सारखीच पातळ होती.

तिसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत मी अनेसच्या घरी होते. एका सोमवारी सकाळी ग्विलिमने बूट चढवले आणि तो डोंगर चढून खाणीत कामाला गेला. मालकाच्या अटींवर, एकटा. का गेला, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. त्यांचं तान्हं बाळ त्या उन्हाळ्यात गेलं होतं, एवढं मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पाच घरांच्या खिडक्यांत छापील पाट्या लागल्या : "या घरात फितूर नाही." सहाव्या खिडकीत काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून मला मागायला कुणी आलं नाही. अनेस मला मीठ आणि व्हिनेगर लावून घासत बसायची. मी लख्ख असायची, तरी ती पुन्हा घासायची. शेवटी एका सकाळी तिने मला लाउरीच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि ती पळत घरात गेली.

लाउरीने दार उघडलं. समोरून पलीकडच्या घरची शोनेद पाण्याची बादली घेऊन येत होती.

"उचलू नकोस हां ती," शोनेद म्हणाली. "बाटलीय. त्या घरातून आलीय."

"बाहेर राहिली तर कळकेल ना गं."

"कळकू दे! माझा नवरा तीन वर्षं उपाशी बसलाय, आणि तुला पितळेची काळजी?"

लाउरी बाहेर आली. तिने मला पायाने हळूच सरकवत अनेसच्या उंबऱ्यापर्यंत नेलं. दगडावर माझा खरखर आवाज झाला. मित्रांनो, तो आवाज मी अजून विसरले नाही. त्या महिन्यात मी तीनदा त्या उंबऱ्यावर गेले आणि तीनदा परत आले. मी सहा जणींची होते, म्हणून मला टाकूनही देता येईना. आणि एकीच्या घरातून आले होते, म्हणून घेताही येईना.

मग डिसेंबर आला. ग्विलिमने लोणी, साखर आणि काकवीचा डबा आणून टेबलावर ठेवला.

"कुणासाठी करू?" अनेसने विचारलं.

"आपल्यासाठी."

"आपण दोघं. किती खाणार?"

त्याने डबा तिच्याकडे सरकवला. साखर समोर होती आणि तिचे हात रिकामे राहीनात. दुपारी तिने मला चुलीवर चढवलं. दोन-तीन वर्षांनी माझ्यात पाक फुगला. धुराड्यातून वास ओळभर गेला असणार. पाक जड व्हायला लागला तशी अनेस बावरली. तिने माझे दोन्ही कान फडक्याने धरले. आता उतरवणार, एवढ्यात भिंतीवर धाडधाड थापा पडल्या.

"अजून नाही! थांब!"

अनेस दचकली. अकरा आठवड्यांत त्या भिंतीतून शब्द आला नव्हता.

"मावशी?"

भिंतीवर पुन्हा एक थाप पडली. मग आवाज आला, "ढवळू नकोस आता. वास बदलू दे."

अनेस माझ्यावर वाकून उभी राहिली. ग्विलिमही उठून जवळ आला. मला वाटलं, माझं बूड फुटतंय की काय.

"आता! उतरव!"

पाक दगडावर ओतला तेव्हा काचेसारखा पसरला. नवरा-बायकोने समोरासमोर उभं राहून तो ओढला. ग्विलिमच्या तळव्यांना भेगा होत्या, त्या चटक्याने उघडल्या, पण त्याने दोर सोडला नाही. टॉफी इतकी छान कधीच झाली नव्हती.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी अनेसने पाच पुड्या बांधल्या आणि पाच उंबऱ्यांवर ठेवल्या. दुपारपर्यंत चार परत आल्या. एक तर चिखलातून लाथाडलेली होती. पाचवी पुडी घेऊन लाउरी स्वतः आली. भर उजेडात, सगळ्या खिडक्यांसमोर तिने दार वाजवलं आणि पुडी अनेसच्या हातात ठेवली.

"मला घेता येत नाही गं," ती म्हणाली. "माझा इद्वल तिकडे कोळशात लोळतोय, तो याचसाठी. मी खाल्ली तर त्याला काय तोंड दाखवू?"

"कळतं मला."

"पण पाक चांगला झालाय." लाउरी जायला वळली. "घट्ट, आणि जराही कडू नाही. भिंतीपलीकडून कळलं."

जानेवारीत अनेस आणि ग्विलिम घर सोडून लिव्हरपूलला गेले. मला रिकाम्या घरातल्या टेबलावर ठेवून गेले. लाउरीने मला आपल्या घरी नेऊन खिळ्याला टांगलं. पुढे झगडा संपला. कामगार हरले. ज्या अटी ग्विलिमने मानल्या, त्याच अटींवर एकेक करून सगळे खाणीत परतले. पण खिडक्यांतल्या पाट्या निघाल्या नाहीत. उन्हाने पिवळ्या पडल्या तरी तिथेच राहिल्या. इद्वल परत आला नाही, तिकडेच राहिला. नाताळ आला, पण मला मागायला कुणी आलं नाही. टॉफी म्हटली की सहावं घर आठवायचं, म्हणून ओळीत टॉफीच बंद झाली. माझ्या पोटात हिरवा कळक चढला. जवळजवळ तीन वर्षं मी खिळ्यावर तळमळत काढली.

तिसऱ्या डिसेंबरात एका सकाळी लाउरीने मला खाली उतरवलं. घासघास घासलं. शालीत गुंडाळलं आणि आगगाडीत मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या एका अरुंद गल्लीत तिने दार वाजवलं. दार अनेसने उघडलं. तिच्या कडेवर एक गुबगुबीत मुलगी होती. लाउरीचे गाल सुजले होते आणि डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं होतं.

"मावशी! हे काय?"

"दात काढायला आले होते या गावात."

"सगळे?"

"उरले होते तेवढे."

"आणि कढई?"

"जड झाली वाटेत. म्हटलं, कुठेतरी ठेवावी."

अनेस दारातच उभी होती. "ओळीत कळलं तर?"

"शोनेदला सांगूनच आलेय. ती बोलत नाही आता माझ्याशी." लाउरीने मला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "हे बघ, ग्विलिम चुकला, असं मी आजही म्हणेन. त्याच्या तोंडावर म्हणेन. पण तुझं बाळ गेलं त्या दिवशी मी तुझ्याजवळ बसले होते. नंतर मी आलेच नाही. ते मात्र चांगलं केलं नाही मी. आता साखर आहे का घरात, की मी इथेच उभी राहू?"

अनेस दारातून बाजूला झाली. तिने मुलगी खाली ठेवली आणि मला दोन्ही हातांनी घेतलं.

संध्याकाळी ग्विलिम गोदीतून घरी आला. चुलीवर मी, माझ्यासमोर लाउरी. तो टोपी हातात धरून दारातच थबकला.

"बघतोस काय?" लाउरी फडक्यातून बोबडं बोलली. "मला खाता येणार नाही, पण ओढता येते. हाताला लोणी लाव."

मित्रांनो, त्यानंतर मी त्याच घरात राहिले. ती कडेवरची मुलगी मोठी झाली, तिने मला खूप वर्षं तापवलं. आता तिच्या मुलीचं राज्य आहे. ती चांगली आहे, मला पुसते, चकाकवते आणि पाहुण्यांना दाखवते. ती मला उंच फळीवर बसवून माझ्यात सफरचंदं ठेवते. पण शोभेला ठेवलेली कढई म्हणजे निजवून ठेवलेलं धडधाकट माणूस. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल तर एवढं करा. काम झालं की गरम पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, आंबट रात्रभर ठेवू नका. शेजारीण मागायला आली तर "जपून वापर गं" म्हणा आणि द्या. तिच्याशी भांडण असेल तर ते भांडण तिच्यासमोर बसून करा, पण द्या. आमच्यासारख्यांचं आयुष्य घासण्याने वाढत नाही, हात लागण्याने वाढतं. आज मुलांना सुट्टी लागली आहे. बाजारातून लोणी आलंय, मी कागदाचा आवाज ऐकला. मला खाली घ्या.