एका कानापायी दोन गोल

तुमच्या पायावर कधी कुणी दुसऱ्याच माणसाचं तोंड शिवलंय का? आणि वर सांगितलंय का, की आता याच पायानं जिंकून दाखव?

माझ्यावर शिवलं. मी रोहिणीच्या डाव्या पायाचा पॅड बोलतोय. रोहिणी म्हणजे ‘दमणगंगा क्वीन्स’ या बर्फावरच्या हॉकी टीमची गोलकीपर. बोलता बोलता माझा आवाज चढला तर चढू द्या. मार खाणं हेच माझं काम, म्हणून अख्खा सीझन मी गप्प राहिलो. पण मार सोसणं निराळं आणि मूर्खपणा सोसणं निराळं.

माझा जन्म सिल्वासाजवळच्या किलवणी गावातल्या एका खोलीत झाला. सिल्वासातल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्याच्या शेठनं मुलींची पगारी टीम उभी केली आणि ती मोठ्या लीगमध्ये उतरवली. परदेशातून सामान मागवलं. हेल्मेट आली, स्केट्स आले, स्टिका आल्या. गोलकीपरचे पॅड मात्र आलेच नाहीत. रोहिणीची आई कमळाबाई टेम्पोच्या आणि रिक्षाच्या सीटा शिवायची. टीमचा मॅनेजर विशाल तिच्या दारात आला आणि मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणाला, “मावशी, असं काहीतरी जमेल का?”

कमळाबाईनं बोटांनी फोटो मोठा केला. “असं काहीतरी कशाला? असंच शिवते. आधी पोरीचा पाय मोजू दे.”

घोट्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत तिनं माप घेतलं. माझ्या पोटात गादीवाल्याकडचा कडक फोम भरला, अंगावर सीटचं जाड रेक्झिन चढवलं, मागे चार पट्टे लावले. माझी आतली कड तिनं तीनदा उसवली आणि चौथ्यांदा शिवली. का, ते सांगतो. गोलकीपर दोन्ही गुडघे टाकून खाली बसते आणि बसल्या बसल्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकते. तेव्हा बर्फाला लागते ती माझी आतली कड. मी सरकलो तर गोल वाचतो, मी अडलो तर गोल होतो. हे कमळाबाईला दोन व्हिडिओ बघून कळलं होतं. “इथं गाठ नको, शिवण नको, काही नको,” ती स्वतःशीच बोलत राहायची.

सिल्वासात बर्फ कुठून आणणार? शाळेच्या पटांगणातल्या काँक्रीटवर, चाकांच्या स्केट्सवर सराव चालायचा. दोन दिवसांत माझं रेक्झिन खरवडून निघालं. मग कमळाबाईनं कारखान्यात प्लॅस्टिकचा दाणा ज्या विणलेल्या गोण्यांतून येतो, त्यातली एक गोणी फाडली आणि माझ्यावर खोळ चढवली. सरावाला खोळ घालायची, सामन्याला काढायची. खोळीवरून मी काँक्रीटवरही झकास सरकायला लागलो. पोरी मात्र हसून हसून वाकल्या.

“रोहिणी, आज किती किलो दाणा भरून आलीस गं?”

“पंचवीस किलो. तू मार तर खरी!”

रोहिणी बावीस वर्षांची. आधी त्याच कारखान्यात पॅकिंगला उभी असायची. दिवसभर खोके चिकटवायचे, संध्याकाळी सूज आलेल्या पायांनी घरी. टीममध्ये निवड झाली तेव्हा ती काम सोडून आली. तिला फक्त एवढंच हवं होतं, की पुढच्या सीझनलाही आपलं नाव यादीत असावं.

सामने उत्तरेतल्या एका शहरात, मॉलच्या तळघरातल्या बर्फावर व्हायचे. वापीहून रेल्वेनं जायचं, खेळायचं, परत यायचं. पहिल्या सामन्यात नऊ गोल बसले. खरं सांगतो, चूक थोडी माझीही होती. काँक्रीटवर जोर लावायची सवय, आणि बर्फावर मी असा सुटलो की रोहिणी खांबाच्या पार पलीकडे जाऊन बसली. लोक हसले. दुसऱ्या सामन्यात सात, तिसऱ्यात पाच.

आमच्या कोच रूपाली मॅडम. मूळच्या रत्नागिरीच्या, सिल्वासातल्या शाळेत खेळ शिकवतात. त्या ओरडल्या नाहीत. रोहिणीजवळ उकिडव्या बसून म्हणाल्या, “हे काँक्रीट नव्हे गो. अर्धाच ढकल. उरलेलं तो पॅड करील.”

माझ्यावर कुणी विश्वास टाकल्याची ती पहिली वेळ. चौथ्या सामन्यात दोनच गोल गेले. पाचवा आम्ही जिंकलो. मग सहावा, सातवा, आठवाही जिंकलो आणि फायनलला पोचलो.

पक म्हणजे काळ्या रबराची जाड चकती. ती विटेसारखी येऊन आदळते आणि डाग ठेवून जाते. घरी आलो की कमळाबाई घासलेटच्या बोळ्यानं माझे डाग पुसायची आणि पुसता पुसता मोजायची. “एकतीस. म्हंजे एकतीस वाचवले माझ्या पोरीनं.” मला ते मोजणं फार आवडायचं.

फायनलला चार दिवस उरले होते. दुपारी विशाल काखेत गुंडाळी घेऊन खोलीत आला. ती उलगडली, तर फ्लेक्स. त्यावर शेठचा हसरा चेहरा, माझ्या उंचीएवढा.

इथल्या माणसांचा फ्लेक्सवर भारी जीव. कुणाचा वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो, पुतण्या बारावी पास झालेला असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कुणी धरतच नाही. लावा बापड्यांनो, चौकात लावा. चौकाला सरकायचं नसतं.

“फायनल मोबाइलवर लाइव्ह दिसणार, मावशी,” विशाल म्हणाला. “गोलकीपरचे पाय सगळ्यात जास्त वेळ कॅमेऱ्यात असतात. डाव्या पॅडवर शेठ, उजव्यावर कंपनीचं नाव न् फोन नंबर. उद्यापर्यंत शिवून पाहिजे.”

कमळाबाईनं फ्लेक्स बोटांत चोळून पाहिला. “हे थंडीत कडक होतं, भाऊ. रिक्षाला पडदे शिवले होते मी याचे. हिवाळ्यात पार पापडासारखे झाले. आन् हे सरकत नाही. असं कर, समोरून लावते. आतली कड मोकळी ठेवते.”

विशालनं फ्लेक्स माझ्यावर धरून पाहिला. मान तिरकी केली. “नाही ना जमत. कड सोडली तर शेठचा कान जातो.”

“कोन्ता कान?”

“उजवा.”

“मंग जाऊ दे की. एक राहतो ना.”

“मावशी, मस्करी नका करू. कान कापलेला फोटो लावला तर शेठ माझे दोन्ही कापतील.”

“बारका फोटो छापून आण मग.”

“छापून झालाय. शेठनी ओके केलाय.”

रोहिणी दारात उभी होती. ती म्हणाली, “सर, कडेवर फ्लेक्स आला तर मला सरकताच येणार नाही. प्लीज.”

विशालनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुंडाळीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाला, “मग राहू दे. डेहराडूनची एक गोलकीपर तयारच आहे. तिकीट काढायला पाच मिनिटं लागतात. पुढच्या सीझनची यादीपण फायनल बघूनच होणार आहे, तुला माहितीय.”

मग रोहिणी हळूच म्हणाली, “माय, शिव.”

कमळाबाईनं शिवलं. ज्या कडेवर तिनं साधी गाठ येऊ दिली नव्हती, त्याच कडेवरून तिनं तो कान वळवून घेतला. तिनं एकदाही डोळे वर केले नाहीत. तिचा राग मला आला नाही. तिच्या हातून ते करून घेणाऱ्याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

फायनलच्या दिवशी पंचांनी माझी रुंदी मोजली, चेहरा बघून हसले आणि सोडून दिलं. तिसऱ्याच मिनिटाला पक उजवीकडून डावीकडे गेला. रोहिणीनं गुडघे टाकले, ढकललं. तिचा गुडघा पुढे गेला आणि मी जागेवरच राहिलो. फ्लेक्स थंडीनं ताठ झाला होता. कडा उचलल्या होत्या आणि शेठच्या कानाखाली बर्फाचा चुरा गच्च भरला होता. गोल. अकराव्या मिनिटाला पुन्हा तसंच. पुन्हा गोल.

“काय करतेय ही! झोपलीय का?” बाकाजवळून विशाल ओरडत होता.

मला तोंड असतं तर त्याच वेळी बोललो असतो. माझ्या अंगावर तोंड होतं, पण ते नुसतं हसत होतं.

वीस मिनिटांनी पहिला भाग संपला. कपडे बदलायच्या खोलीत रोहिणी पाय पुढ्यात ताणून बसली. रूपाली मॅडमनी औषधांच्या डब्यातली कात्री काढली आणि तशीच हातात धरून ठेवली.

“मी शाळेची माणूस, रोहिणी. मी कापलं तरी माझं काही जात नाही. जाईल ते तुझं. तू सांग.”

“द्या इकडं,” रोहिणी म्हणाली. कात्री तिनं स्वतःच्या हातानं चालवली. माझ्या आतल्या कडेवरून फ्लेक्स फाटत गेला आणि कान खाली ओल्या फरशीवर पडला. नंतर तिनं उजव्या पॅडचीही कड मोकळी केली. समोरचं तसंच राहिलं, तेवढा वेळ नव्हता.

पुढची चाळीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. एकूण सव्वीस फटके आले. एकही आत गेला नाही. मी असा सरकत होतो, जणू रोहिणीच्या मनात यायच्या आधी मला कळत होतं. आमच्या पोरींनी एक गोल केला, दुसरा खांबाला लागून परत आला. आम्ही दोन-एक असे हरलो. एका गोलानं हरलो आणि एका कानापायी दोन गोल खाल्ले. हा हिशेब शाळेत न गेलेल्यालाही कळेल. विशालला कळला नाही.

सिल्वासाला परत आल्यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये संध्याकाळी सत्कार ठेवला. शेठ खुर्चीत बसले होते. पंधराजणींना गुलाबाची फुलं दिली. रोहिणीनं मला बरोबर आणलं होतं, ग्रुप फोटोसाठी किट आणायला सांगितलं होतं म्हणून. कान नसलेल्या शेठचा व्हिडिओ तोवर सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरला होता.

विशालनं माइक घेतला. “पुढच्या सीझनच्या सह्या आत्ता करायच्या आहेत. त्याआधी रोहिणी शेठची माफी मागेल. फोटोचा अपमान झालाय.”

रोहिणी उठली. मला काखेत धरून ती सरळ आवाजात बोलली.

“दोन गोल गेले. त्याची माफी मी या पोरींची मागते. मी कात्री सामन्याच्या आधी चालवायला पाहिजे होती, घाबरले. शेठ, तुमचा अपमान मी नाही केला. मी माझा पाय मोकळा केला.”

शेठनी गुजरातीत “सारूं, सारूं”, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हटलं आणि मोबाइल काढून त्यात बघायला लागले. म्हणजे बघा, ज्याच्या कानासाठी एवढं झालं, त्याला त्या कानाचं काही पडलंच नव्हतं! विशालनं मात्र यादीतल्या रोहिणीच्या नावावर पेनानं रेघ मारली.

“पॅड टीमकडे जमा कर,” तो म्हणाला.

मागच्या रांगेतून कमळाबाई पुढे आली. “यात टीमनं घातलेला एक टाका दाखव, भाऊ. दाखव आन् घेऊन जा.”

“फ्लेक्स आमचा आहे,” विशाल म्हणाला. दुसरं काही सुचलं नसावं.

कमळाबाईनं तिथंच मला मांडीवर घेतलं, दातानं दोरा तोडला आणि उरलेला चेहरा सोलून त्याच्या हातात दिला. “घे. कान तिकडं राह्यला, तो तू आणून घे.”

पोरी हसल्या. काही तोंडावर हात ठेवून, काही मोठ्यानं. पण सह्यांची रांग लागलीच, आणि त्या हसणाऱ्यांतल्या बऱ्याचजणी त्या रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनाही परत पॅकिंगच्या लाइनवर उभं राहायचं नव्हतं.

आता मी पुन्हा किलवणीच्या खोलीत आहे. अंगावर सुईची भोकं राहिलीत, रेक्झिन एका कोपऱ्यात विरलंय. मला कुणी चुचकारू नका. तुम्ही उद्या कुठं मॅनेजर व्हाल, साहेब व्हाल, एखाद्या टीमचे मालकही व्हाल. शिवणाऱ्या बाईनं “इथं काही नको” म्हटलं, तर तिथं काही लावू नका. तिला कारण विचारा, ती सांगेल. आणि मैदानात उभी असलेली पोर “सरकता येत नाही” म्हणाली, तर तिच्या पायाकडे बघा, फोटोकडे नको. एवढं जमत नसेल तर टीम काढू नका.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला रोहिणीनं मला पायाला बांधलं आणि ती शाळेच्या पटांगणात सरावाला गेली. रूपाली मॅडम आल्या होत्या. पंधराजणींपैकी चौघी आल्या.