खापर फुटलं शॉकअपवर

मित्रांनो, काचेच्या या कारखान्यात मागच्या फळीवर रंगाच्या डब्याला टेकून पडलेलं ते काळपट नळकांडं दिसतंय ना? तो मी, एका व्हॅनचा मागचा डावा शॉकअप. जवळ आलात तरी चालेल, हात काळे होणार नाहीत. माझं तेल गळत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी गळतो असं सांगूनच मला गाडीतून काढलं आणि ते धादांत खोटं होतं.

आम्ही जुळे भाऊ. मी डावा, तो उजवा. एकाच दिवशी आमच्या पोटात तेल भरलं, वर चकचकीत दांडा बसवला आणि एकाच खोक्यात शेजारी शेजारी झोपवलं. तिथून आलो ते थेट या घरच्या व्हॅनखाली.

आता आमचं काम काय ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. गाडीचं वजन आम्ही उचलत नाही. ते उचलतात कमानपाटे, म्हणजे चाकांच्या आसावर बसवलेल्या पोलादाच्या बाकदार पट्ट्या. खड्डा आला की पाटे दबतात आणि उसळतात. त्यांना मोकळं सोडलं तर ते झोपाळ्यासारखे वरखाली होतच राहतील. झोपाळा मागून धरून थांबवणारं कुणीतरी लागतं, ते आम्ही.

घर काचवाल्यांचं. काका ऑर्डरी आणायचे, काकू काच कापायच्या. काकूंच्या हातात अशी जादू की हिरकणी काचेवरून एकदाच फिरवायच्या आणि तुकडा सरळ रेषेत मोकळा व्हायचा. दुसऱ्यांदा रेघ मारताना त्यांना कुणी पाहिलं नाही. माल पोहोचवायचं काम काकूंच्या धाकट्या भावाकडे होतं. मुलं त्याला मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणतो.

मामाचा माझ्यावर भारी जीव, असं मला वाटायचं. दर शनिवारी तो मागच्या बंपरवर सगळा भार टाकून गाडी दाबायचा आणि सोडायचा. गाडी एकदाच वर येऊन थांबली की तो वाकून मला थोपटायचा. "पठ्ठ्या, अजून तरणा आहेस," म्हणायचा. सहा वर्षं हे चाललं. एकदा नाचाच्या शाळेचे भिंतीएवढे आरसे उखडलेल्या रस्त्यावरून न्यायचे होते. एकालाही ओरखडा गेला नाही. त्या दिवशी काका म्हणाले, "ही गाडी आहे की पाळणा?" आम्ही दोघं भाऊ आठवडाभर हवेत होतो.

मग धंदा वाढला आणि गाडीमागे जोडायला ट्रेलर आला. विकणाऱ्यानं काका आणि मामा दोघांना बजावलं, "जड पेट्या ट्रेलरच्या चाकांवर येतील अशा ठेवा. पुढं सगळा भार घातलात तर तो गाडीला जोडलेल्या हुकावर येईल." मामानं मान हलवली. पण ट्रेलरचं दार पुढच्या बाजूला होतं. पेट्या आत चाकांपर्यंत ढकलायच्या म्हणजे अर्धा तास जायचा आणि मामाची कंबर धरायची. तो दाराशीच रचू लागला. हुकावर भार आला, पाटे दबले आणि गाडीची पाठ बसली. नाक वर आलं. पुढची चाकं हलकी झाली आणि स्टिअरिंग हातात सैल लागू लागलं.

मामाला हे सगळं कळत होतं. एका दुपारी गाडीखाली पडून तो मला म्हणाला, "तुमचा दोष नाही रे. पेट्या मीच पुढं रचतो." ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणाला तरी खरं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात उभे राहिले. "अरे, मागून गाडी एवढी बसते कशी? शॉकअप गेले का?"

मामानं आधी ट्रेलरकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

"हो भाऊजी, गेलेच म्हणायचे."

"तू तर दर शनिवारी बघतोस ना?"

"डावा गळतोय जरा. मी सांगणारच होतो."

मित्रांनो, केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. परक्यानं नावं ठेवली असती तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण हा मला ओळखणारा एकमेव माणूस होता. स्वतःची कंबर वाचवायला त्यानं मला तोंडघशी पाडलं.

दुकानदारानं लालभडक, कडक शॉकअप काढून दाखवले. "ओढणाऱ्या गाडीला हेच लागतात. पाठ अशी उचलतील बघा." ट्रेलरचं वजन किती, हुकावर भार किती, परत येताना गाडी रिकामी असते का, कुणी काही विचारलं नाही. काकांनी फक्त रंग पसंत केला. आम्हाला काढून या फळीवर टाकलं. महिन्याभरानं भंगारवाला आला. माझा भाऊ पुढं होता, तो गेला. मी डब्यामागं होतो, राहिलो.

नवे शॉकअप घालूनही पाठ तेवढीच बसलेली. उलट ट्रेलर नसला की गाडी टणाटण उडायची. पहिल्याच आठवड्यात तीन काचा तडकल्या. मामा तेव्हाही बोलू शकला असता. बोलला नाही.

पुढचं मी पाहिलं नाही, घरात बोलणं झालं त्यावरून सांगतो. सकाळी नऊची वेळ, मागे भरलेला ट्रेलर, उतारावर वळण. मामानं स्टिअरिंग फिरवलं, पण पुढच्या चाकांनी रस्ता धरलाच नाही. गाडी सरळ बांधावर गेली. मामाला खरचटलं. शेजारी काकू बसल्या होत्या. त्यांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

मग एक मिस्त्रीबाई गाडी बघायला आल्या. त्यांनी ट्रेलरच्या हुकाखाली वजनकाटा लावला आणि कपाळाला हात लावला. "झेपेल त्याच्या दुप्पट भार आहे इथं. शॉकअप वजन उचलत नसतो हो, वजन पाटे उचलतात. आधी पेट्या चाकांवर घ्या. मग वाटलं तर एक जादा पाटा घाला, पण म्हणून जादा माल भरायचा नाही. आणि शॉकअप मध्यम घ्या, तुमच्या काचांना सोसतील असे." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी माझा दांडा दाबला, ओढला. "हा कुणी काढला? ठणठणीत आहे. याचा जोडीदार कुठाय?"

"भंगारात गेला," काका म्हणाले.

"मग एकट्याचा काही उपयोग नाही. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला नवा, असं चालत नाही." त्यांनी मला परत ठेवलं. माझी निर्दोष सुटका झाली ती अशी.

काका म्हणाले, "आपल्याला यातलं काय कळतं? त्या दुकानदारानंच फसवलं." मामा बाजूलाच उभा होता. पुन्हा चपलांकडेच बघत होता.

आता प्लॅस्टर निघालंय, पण काकूंची बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत. काल त्यांनी डाव्या हातानं हिरकणी धरली. रेघ वाकडी गेली, काच भलतीकडेच फुटली. तुकडे गोळा करता करता त्या म्हणाल्या, "चूक माझीच. त्या दिवशी लवकर निघू या म्हणून मीच घाई केली. माझ्यामुळे त्यानं गाडी जोरात घेतली." असं त्या रोज म्हणतात.

त्यानंतर दुपारी कुणी नसताना मामा या फळीपाशी आला. मला मांडीवर घेऊन फडक्यानं पुसलं. "माझंच चुकलं रे," म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. मग मला जागेवर ठेवलं आणि जेवायला गेला.

मित्रांनो, गाडीची काळजी घ्या. तिची पाठ बसली तर आधी वजन बघा, मग सामान बदला. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. मामानं माझी माफी मागितली, मला कान नाहीत अशा समजुतीनं. मला ती नको आहे. तुमच्यापैकी कुणाला तो भेटला तर त्याला एवढंच सांगा, की तुझी ताई अजून स्वतःलाच दोष देते आहे.