बदाम राणीचं कुंकू

भडगावच्या माहेरघरापुढे बैलांची दमणी थांबली न थांबली, तोच ओट्यावरून भावाची आरोळी आली, "उनी व माय, गुलामचोर उनी!"

मंजुळाने झटकन कडेवरच्या ठकूचे कान झाकले. पण उशीर झाला होता. पोरगी टाळ्या पिटत बोलली, "गुलामचोल!"

झालं! आता हे नाव शिंदखेड्याला जाणार, तेही थेट सासूबाईंच्या पुढ्यात. तिथे 'चोर' हा शब्द कोण कसा ऐकेल, याचा काय भरवसा?

दरवर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या माहेरवाशिणी झोक्यावर चढायच्या आणि गडीमाणसं पत्त्यांवर बसायची. मंजुळाला मात्र लहानपणापासून झोक्यापेक्षा पत्ते प्यारे. ती आणि धाकटा भाऊ मगन चिंचेखाली गुलामचोर खेळायचे. चारांतला एक गुलाम बाजूला काढायचा, एकमेकांची पानं ओढत जोड्या टाकायच्या, आणि शेवटी एकटा गुलाम ज्याच्या हाती उरेल तो पुढच्या अखाजीपर्यंत गुलामचोर. मंजुळा हरली तेव्हा ठकू पोटात होती. मग बाळंतपण, पोरीचे दात येणं. दोन अखाज्या हुकल्या, आणि नाव तेवढं चिकटून राहिलं.

"काढ रे पत्ता," हातपाय धुताच ती म्हणाली. "आज हाई नाव तुना गळामा बांधस."

मगनने तंबाखूचा जुना डबा आणला. झाकण उघडलं तसा तोच ओळखीचा, तेलकट वास आला. कान दुमडलेला किलवरचा राजा, कैरीचा डाग पडलेली चौकट सत्ती. मंजुळा एकेक पान बघत हसत होती. बदामची राणी त्यांच्या लहानपणी वासराने खाल्ली होती. मगनने मग काडेपेटीवरची कमळवाली, मुकुटवाली बाई जोकरवर खळीने डकवून नवी राणी केली होती. मंजुळाने सगळी पानं पुन्हा चाळली. ती राणी काही सापडेना.

"पत्ता कमी, डाव खोटा!" मगन मांडी थोपटत म्हणाला. "नियम तूच करेल शे, अक्का. आते पुढली अखाजीलोंग तू गुलामचोर."

तेवढ्यात दाराशी उभी असलेली झुंबर, मगनची नवी नवरी, कावरीबावरी झाली. "कमळवाली? ती पत्तास्मा होती? मी तर रोज हायद-कुंकू लावस तिले!"

दिवाळीची झाडलोट करताना तिला डब्यात लक्ष्मी सापडली होती. तंबाखूच्या डब्यात देव कोणी टाकला म्हणत बिचारीने ती देव्हाऱ्यात नेऊन बसवली.

मंजुळा पदर तोंडात कोंबून हसली. मगनच्या कपाळावर मात्र आठ्या. "म्हणजे मी रोज सकाळी बदामच्या राणीले पाया पडी ऱ्हायनू?"

पण माय स्वयंपाकघरातून गरजली, "पूजाले लागेल पान जुगारमा? नही म्हंजे नही!"

मंजुळाचं हसू मावळलं. ठकूने नेमकं तेव्हाच पुन्हा म्हटलं, "गुलामचोल."

झुंबरने एकवार नणंदेकडे पाहिलं, आणि कधी नाही ती सासूपुढे बोलली. "आत्याबाई, अखाजीले गौराई माहेर येस ना? मंग ही कमळवाली बी माहेरवाशीण, पत्तास्मा तिनं माहेर. घडीभर खेळू द्या तिले."

माय चुलीपुढून उठली. पदराला हात पुसत आली आणि स्वतःच डावाला बसली.

देव्हाऱ्यातून आणलेली राणी आज पाठीकडूनही ओळखायला सोपी होती, तिची एक कड कुंकवाने लाल झाली होती. राणीत धोका नाही, म्हणून जो तो तेच लाल पान ओढायचा. आधी झुंबर सुटली, मग माय. उरली भावंडं. मगनच्या हाती एक इस्पिक राणी, मंजुळाच्या हाती बदाम राणी आणि तो मेला गुलाम.

मगन मुद्दाम डोळे मिटून जप करू लागला. तेवढ्यात मंजुळाने राणीची लाल कड मुठीत दाबली आणि कुंकवाने माखलेला अंगठा गुलामाच्या कडेवरून हळूच फिरवला.

मगनने डोळे उघडले, लाल पान दिसलं, ऐटीत ओढलं. गुलाम!

त्याने दोन्ही पानं पाठीमागे नेऊन पुन्हा पुन्हा पिसली. पण आता लाल कड त्याच्याच हातात होती. मंजुळाने दुसरं पान ओढलं आणि राणीवर राणी टाकली.

"मामा गुलामचोल!" ठकू किंचाळली. तिला आईने काही शिकवलं नव्हतं, देवाशपथ.

संध्याकाळी झुंबरने राणीला पुन्हा देव्हाऱ्यात बसवलं. सगळ्यांनी नमस्कार केला. मगन तेवढा हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"हिले पाया पडू?" तो म्हणाला. "हाईच तर सामील होती!"