खाली घेतलेलं फूटरेस्ट

प्राची गाडीवर रडायला लागली त्याला तीन रविवार झाले होते, आणि का रडते ते काही केल्या कळत नव्हतं.

दर रविवारी मी न्हावऱ्याहून दौंडला बालवाडीच्या कोर्सला जायची. हे पुढं, मी मागं एका बाजूला पाय सोडून, मांडीवर सहा महिन्यांची प्राची. अंगावर पिणारं लेकरू, घरी कसं ठेवणार? दौंडला माझ्या आईकडं तिला द्यायची आणि वर्गाला पळायचं. आधी ती भीमेचा पूल यायच्या आत झोपायची. आता गाव सुटलं की सुरू. गेल्या रविवारी तर रडून लालबुंद झाली, म्हणून आम्ही पुलावरूनच माघारी फिरलो. माझा वर्ग बुडाला. आणखी एक बुडाला, तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

आधी वाटलं, दात येत असतील. मग वाटलं, कानात वारं जातंय, म्हणून कापूस, कानटोपी, वरून शाल. मग उकडत असेल म्हणून शाल काढली. ह्यांनी सायलेन्सरसुद्धा तपासून आणला. काहीच लागू पडेना.

"पोरगीच गाडी नको म्हनती," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "कोर्स फुडल्या वर्षी कर. बालवाडी काय पळून चाललीया?"

"एस्टीनं गेले तर?"

"रविवारच्या एस्टीत? उभ्या उभ्या पाजशील व्हय?" मग त्याच हसल्या. "पर नवलच हाय बाई. आधी तू लंगडत यायचीस आन् पोरगी हसत. आता तू हसत येतीस आन् पोरगी रडत."

माझं लंगडणं ह्यांनीच थांबवलं होतं. साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळीला बायकांसाठी एक फूटरेस्ट होतं, पण इतकं वर की गुडघे कमरेच्या वर यायचे. दौंड येईपर्यंत पाय बधिर. मी एकदाच तसं म्हणाले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी अंगणात उभ्या गाडीवर मला बसवलं, टाच जिथं लोंबली तिथं खडूनं खूण केली आणि गाडी म्हस्कू वेल्डरकडं नेली. फूटरेस्ट चांगलं वीतभर खाली आलं. "वहिनी, आता दौंड काय, दिल्लीला जावा!" म्हस्कू म्हणाला होता. प्राची तेव्हा पाळण्यात झोपली होती.

शनिवारी दुपारी मी ओट्यावर बसले होते, पाय पाटावर, मांडीत प्राची गाढ झोपलेली. सासूबाई म्हणाल्या, "पाट दे गं जरा." पाट दिला. पाय खाली गेले, मांडी उतरती झाली, प्राची घसरली आणि मुठी आवळून किंचाळली. अगदी पुलावरचं रडणं! मी तिला घट्ट धरलं तर आणखीच रडायला लागली.

"पाट द्या! आत्ता द्या!"

पाय वर घेतले, गुडघ्यापाशी खोबण झाली, ती गप्प. पुन्हा पाय खाली सोडले. पुन्हा किंचाळली.

"अगं, लेकराला का छळतीस?" सासूबाई ओरडल्या.

आता ह्यांना सांगू कसं? तोंडानं कधी काही न बोलणाऱ्या माणसानं माझ्यासाठी लोखंड वाकवून आणलेलं. ते वर घ्या म्हणायचं? संध्याकाळपर्यंत मी नुसती घुटमळत राहिले.

"अहो, ते फूटरेस्ट..."

"अजून खाली घेऊ?" ह्यांचा चेहरा खुलला.

"वर."

मी प्राचीला घेऊन गाडीवर बसले आणि पाय सोडले. ती घसरली, रडली. हे समोर उकिडवे बसले.

"मग तुझं पाय?"

ह्यांनीच खडू काढला. माझा एक पाय उचलून हातावर धरला, प्राची गप्प झाली तिथं खूण केली. दुसरा पाय होता तिथंच राहू दिला.

म्हस्कूनं खालचं तसंच ठेवून वर एक जोडून दिलं. "वहिनी, ही गाडी हाय का जिना?"

रविवारी गाव सुटलं. मी रडण्याची वाट बघत होते. पूल आला. न राहवून मी ह्यांच्या पाठीवर हलकेच थोपटलं. ह्यांनी कचकन गाडी थांबवली.

"काय झालं? रडली?"

"हळू बोला. झोपलीय. चला, हजेरी होईल."

दौंडला उतरले तेव्हा माझा एक पाय बधिर झाला होता, एक नव्हता.