पट्टीवरची ओल

अकरा वर्षं ती रोज तीनदा शून्य लिहीत आली होती. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला. नदीच्या पात्रात काँक्रीटचा एक खांब होता, त्यावर मीटर-सेंटिमीटरच्या खुणांची रंगवलेली पट्टी. पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते बघायचं, काठावरच्या चौकीत येऊन वहीत लिहायचं, एवढंच तिचं काम. पाणी मात्र नव्हतं.

वर, डोंगराच्या खांद्याशी, बंधारा घालून नदी अडवली होती. तिथून बोगद्यातून ती थेट डोंगरापलीकडच्या खोऱ्यात नेली होती, मोठ्या धरणाच्या तलावात. वीजघरही तिकडेच. तिचा नवरा त्याच वीजघरात यंत्रावर कामाला होता आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. "पाणीही तिकडे, नवराही तिकडे. माझ्या वाट्याला नुसते गोटे," असं ती हसत म्हणायची.

अगदीच कोरडं नव्हतं म्हणा. बंधाऱ्याच्या पायथ्याशी एक जुना पाइप गळायचा. त्यातून येणारी करंगळीएवढी धार पट्टीच्या शून्याखालून, गोट्यांच्या आडून निघून जायची. मोजण्यात येत नव्हती, पण होती. या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वरिष्ठांचा हुकूम आला आणि तो पाइप सिमेंटने बुजवला. चार दिवसांत शेवटची डबकी आटली. शेवाळ वाळून कागदासारखं उडायला लागलं.

त्यानंतर आठवड्याभराने, सकाळी आठला ती खांबाशी गेली तर पट्टी ओली होती. शून्यापासून चार सेंटिमीटरपर्यंत, वर सरळ रेघ मारल्यासारखी. तिने बोट लावलं. बोट भिजलं. आजूबाजूचे गोटे मात्र ठणठणीत कोरडे. चौकीत येऊन चपला काढल्या तेव्हा त्यांच्यातून पाणी निथळलं.

तिने वहीत लिहिलं, "पाणी शून्य. पट्टी चारपर्यंत ओली." मग ते वाचून स्वतःलाच वेड्यासारखं वाटलं, पण खोडलं नाही. खोडाखोड करायची नाही हा सासऱ्यांचा दंडक. तिच्या आधी ही चौकी तेच सांभाळायचे.

वरच्या डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं तशी ओल चढत गेली. चाराची दहा झाली, दहाची तीस. पात्रात उतरलं की पायाला थंडी झोंबायची आणि पावलं उचलायला जड जायची. ओल पन्नासवर गेली त्या दिवसापासून ती खाली उतरली नाही. काठावरूनच दुर्बीण लावून आकडा घ्यायची.

"वहिनी, तू हल्ली खाली का जात नाहीस गं?" वन्संनी विचारलं. नवऱ्याची ही थोरली बहीण, शेजारच्याच घरात राहायची. चार शेळ्या होत्या तिच्या आणि जिभेला हाड नव्हतं.

"गुडघे दुखतात."

"चाळिशीत? मी साठीची, बघ कशी तुरुतुरु जाते."

"वन्सं, तुम्हीही नका जाऊ. शेळ्याही नका नेऊ पलीकडे."

"का, कोरड्या नदीत बुडेन?" वन्सं हसली. ती मात्र हसली नाही, आणि ते वन्संच्या लक्षात आलं.

शेळ्यांना कोण समजावणार? तीन शेळ्या काठाशी येऊन थांबायच्या, माना ताणून पात्राकडे बघायच्या आणि मागे फिरायच्या. चौथी हावरट होती. पलीकडच्या काठावर तिला पाला दिसला. एके दिवशी दुपारी बाराची नोंद घ्यायला ती चौकीतून बाहेर पडली तेव्हा वन्संची किंकाळी ऐकू आली.

शेळी पात्राच्या मधोमध पडली होती. जिथून उतरली तिथून चांगली चाळीस पावलं खाली. अंगावरचे केस चपचपीत भिजलेले, पोट फुगलेलं. ओल दुपारपेक्षा पहाटे कमी असते हे तिला ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच लांब काठीला आकडा बांधून दोघींनी काठावरूनच शेळीला ओढून घेतलं. तोंडातून भसाभसा पाणी आलं. वन्सं ते पाणी मातीत जिरेपर्यंत बघत राहिली.

"हे कुठून आलं गं?" वन्संनी अगदी हळू विचारलं.

चौकीत जाऊन तिने धरणाच्या कार्यालयात फोन लावला. मोजणीच्या सगळ्या वह्या ज्यांच्याकडे जायच्या ते साहेब तरुण होते, स्वभावाने बरे. तिच्या नोंदी वाचून कार्यालयात हशा पिकला होता हे त्यांनी लपवलं नाही.

"बाई, दगड घामेजतात कधीकधी. हवेतली वाफ असते."

"आणि शेळी घामाने बुडते का साहेब? तुम्ही या आणि डोळ्यांनी बघा."

ते खरंच आले, दुसऱ्या दिवशी साडेअकराला, जीप घेऊन. सोबत जुन्या वह्या आणि तक्ते. काठावर उभं राहून त्यांनी दुर्बीण लावली. पट्टी छातीएवढ्या उंचीपर्यंत काळपट ओली होती. लख्ख ऊन पडलं होतं. पात्रातल्या गोट्यांवर धूळ होती.

"मी जवळून बघतो," ते म्हणाले.

"नका जाऊ."

"अहो, कोरडं आहे. दिसतंय ना तुम्हाला?"

चौकीच्या भिंतीवर सासऱ्यांच्या वेळचा दोर टांगलेला होता. पुराच्या दिवसांत कमरेला बांधून पट्टी वाचायला उतरायचे तो. तिने तो काढला आणि साहेबांच्या कमरेला बांधायला लागली. ते ओशाळून हसले. "बरं, तुमच्या समाधानासाठी." दुसरं टोक तिने काठावरच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हातात धरलं. वन्सं मागे येऊन उभी राहिली.

पहिली चार पावलं साहेब नीट चालले. पाचव्या पावलाला त्यांनी खाली बघितलं. पँट घोट्यापर्यंत काळी झाली होती. मग गुडघ्यापर्यंत. ते तिरके होऊन चालायला लागले, सोसाट्याच्या वाऱ्यात माणूस चालतो तसे. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. कसलाही आवाज नव्हता, आणि तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

"साहेब, परत फिरा!"

त्यांनी मान वळवली. ओठ हलले, पण शब्द आला नाही. ओल छातीवर चढली आणि त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. ते पडले नाहीत, आडवे झाले. कोरड्या गोट्यांच्या हातभर वर, उन्हात, ते खालच्या अंगाला वाहत निघाले.

दोराला असा हिसका बसला की तिच्या तळहाताची साल निघाली. झाड होतं म्हणून निभावलं. "वन्सं, ओढा!" दोघींनी पाय रोवून, ओरडत, एकेक हात दोर मागे घेतला. साहेब कमानीसारखे वळत काठाला लागले. वन्संनी त्यांची कॉलर पकडून त्यांना शेळीसारखं वर खेचलं. ते पालथे पडून खोकत राहिले आणि पाणी ओकत राहिले. एका पायात बूट नव्हता. पात्रात सगळीकडे नजर फिरवली, तो कुठेच पडलेला नव्हता.

चौकीत तिच्या नवऱ्याचा शर्ट घालून, दोन्ही हातांत चहाचा पेला धरून साहेब कुडकुडत बसले. चहा संपल्यावर त्यांनी तक्ते उघडले.

"वर बंधाऱ्यापाशी सकाळी किती पाणी आलं ते माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "सगळं बोगद्यात गेलं. ते इकडे सोडलं असतं तर तुमच्या पट्टीवर किती दिसलं असतं, ते या जुन्या तक्त्यात आहे. एक मीटर बारा. तुमची आजची ओल किती?"

तिने वही न बघताच सांगितलं, "एक बारा."

त्यांनी मागचे दिवस ताडून पाहिले. चार, दहा, तीस, पन्नास. एकही आकडा चुकत नव्हता. तक्ता मिटून ते उठले आणि एका बुटानिशीच जीपमध्ये जाऊन बसले. "मी वर जातो. तो पाइप फोडायला लावतो."

"हुकूम कुणाचा?"

"बघू पुढचं पुढे."

चारच्या सुमाराला वळणावर काहीतरी सरकताना दिसलं. पाण्याची जीभ होती, गढूळ, पुढ्यात पाचोळा ढकलत येणारी. गोट्यागोट्याभोवती थांबत, वाट शोधत ती खांबापाशी आली. तिच्यातून खुळखुळ आवाज येत होता. इतक्या दिवसांत या पात्रातून आलेला तो पहिलाच आवाज.

वन्सं काठावर उकिडवी बसली. तिने आधी एक बोट बुडवलं, मग तळवा. "ओलं आहे," ती म्हणाली, "आणि दिसतंयसुद्धा." मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

पाच वाजता पट्टीवरची वरची ओल वाळून गेली होती. पुन्हा ती कधी चढली नाही. का, ते कुणाला सांगता आलं नाही आणि कुणी फारसं विचारलंही नाही. पाइप फोडल्याचं कारण म्हणून साहेबांनी अहवालात "मोजणी खांबाच्या तपासणीसाठी" एवढंच लिहिलं. तपासणी किती वर्षं चालणार, ते लिहिलं नाही.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली. मग ती म्हणाली, "साहेब, एक विचारू? त्या दिवशी आत काय होतं? कुणी ओढत होतं का तुम्हाला?"



"नाही हो बाई," ते म्हणाले. "माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. ते नुसतं जात होतं. मी मध्ये आलो, एवढंच."