चुंबकमहाराजांची सुई

कुरखेड्याजवळच्या त्या गावात समाजमंदिरापुढे एवढी गर्दी जमली होती, की खोकायलासुद्धा जागा नव्हती. एकेक जण खाटेवर आडवा होई, चुंबकमहाराज त्याच्या छातीवर होकायंत्र ठेवीत आणि सुई गरगरू लागे.

"ईसीजी निस्ती वीज पाह्यते," महाराज सांगत. "वीज तं बिल नाई भरलं का जाते. मी हृदयातलं चुंबक पाह्यतो."

मग ते मनगटात मंतरलेलं कडं चढवीत. सुई शांत होई. लोक हात जोडत.

रंभाच्या नवऱ्याने, श्रीहरीने, कडं घातलं आणि हृदयाच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. आता विहिरीपर्यंत जातानाही त्याला धाप लागे. घाबरलेली रंभा आरोग्य केंद्रात डॉक्टर दिव्यानीकडे गेली.

"हृदयात चुंबक असते का, मॅडम?"

"हृदय धडधडताना वीज वाहते, तिच्यामुळे चुंबकत्व तयार होतं. पण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्श्याएवढं. ते मोजायला फार नाजूक यंत्र लागतं, आणि बहुतेक वेळा बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोलीही. विजेचे संकेत मात्र ईसीजीला कातडीवरच सापडतात. होकायंत्राला यातलं काहीच कळत नाही."

"मंग सुई काऊन फिरते?"

"महाराजाजवळच कुठंतरी चुंबक असेल. शोधू."

दुसऱ्या दिवशी महाराज जेवून आले, तेव्हा खाटेवर कोणीतरी घोंगडीत गुरफटून निजलं होतं.

"सासरा हाये," रंभा म्हणाली. "लय थंडी वाजून राह्यली त्याले. पांघरूण नका काढू."

महाराजांनी खाटेला गुडघा टेकवून घोंगडीवर होकायंत्र ठेवलं. सुई पिंगा घालू लागली.

"हृदय पार खचलं. आठवडा नाई काढत हा."

रंभाने घोंगडी ओढली. खाली धानाचं पोतं होतं.

"मंग आठवड्याच्या आत कांडून घ्या," पुढे बसलेली म्हातारी सोमारी शांतपणे म्हणाली. गर्दी खदखदून हसली.

महाराज उठू लागताच, गर्दीतून त्यांचा गुडघा न्याहाळत असलेल्या दिव्यानीने त्याच्याजवळ कात्री नेली. ती धोतराला खटकन चिकटली. आत पट्टीने बांधलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक निघालं. गुडघा खाटेजवळ हलला की सुई फिरे, कडं चढवताना मागे घेतला की थांबे.

श्रीहरीने कडं काढलं, पण बायकोकडे बघायची त्याला लाज वाटली. त्याच्या ईसीजीत बिघाड दिसला. दिव्यानीने त्याला लगेच गडचिरोलीला पाठवलं. वेळेवर गेला, वाचला.

हृदयातलं चुंबकत्व खरं होतं, खोटा होता तो गुडघा. कोणी असा चमत्कार दाखवला, तर आधी त्याला यंत्रापासून लांब उभं करा आणि मग सुई पाहा. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी मात्र सोडू नका.